मणी गिळलेलं गाव

चिलारवाडीच्या लोकांना पोटाबद्दल बोलायची लाज कधीच नव्हती. इतर गावांत पारावर राजकारण चालतं. इथे राजकारणाच्या जोडीला कुणाचं पोट धरलंय आणि कुणाचं सुटलंय याचीही खबर असायची. माणदेशातलं कोरडं गाव. पाणी जपून प्यायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, त्यात जाड भाकरी, त्यामुळे सगळ्या गावाचीच पोटं जड. बापू वैद्यांनी सोनामुखीची पानं, हिरडा, बडीशेप, सुंठ आणि सैंधव यांचं 'मोकळीक' चूर्ण बसवलं, तेव्हापासून गाव त्यांचं नाव घेत होतं. बापूंनी जाताना कृती आणि गिरणी दोन्ही लेकीच्या हवाली केली. ती लेक म्हणजे उज्ज्वलाताई खराडे.

आता २०४१ सालीही, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, उज्ज्वलाताई सोनामुखीची पानं स्वतः निवडायच्या. देठ राहिला तर पोटात मुरडा येतो, म्हणून एकेक देठ खुडून टाकायच्या. गावातल्या घराघरात त्यांचा डबा होता आणि त्यांच्या स्वतःच्या घरात त्यांचं सगळ्यात नेमाचं गिऱ्हाईक होतं, त्यांचे यजमान. दिगंबर खराडे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. लग्न झाल्यापासून, म्हणजे छत्तीस वर्षं, जेवणानंतर बायकोच्या हातून एक चमचा चूर्ण कोमट पाण्यात घेतल्याशिवाय त्यांचा दिवस संपला नव्हता. स्वतःच्या आतड्याला ते कौतुकाने 'माझं खोरं' म्हणायचे.

या सुखात मणी आणला तो सुनेने.

सून सानिका पोटाच्या विकारांची डॉक्टर, साताऱ्याच्या एका संशोधन संस्थेत. लग्नाला तीन वर्षं झाली होती. नवरा बोटीवर इंजिनियर, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी ती सासरी यायची ती एकटीच, आणि सासू-सुनेचं बरं चाललं होतं. फक्त चूर्णाचा विषय निघाला की दोघी जरा जपून बोलायच्या. त्या दिवशी मात्र सानिकाने स्वयंपाकघरात सरळ मुठीतला मणी काढून ओट्यावर ठेवला. काचेचा, जांभळाएवढा.

"आई, हा गिळायचा. आत जाऊन आतड्याची भिंत बघतो. उजेडानेही बघतो आणि आवाजाच्या लहरींनीही, त्यामुळे मळ आड आला तरी त्याचं अडत नाही. शिवाय आतड्याच्या भिंतीवरून रोज ज्या जुन्या पेशी झडतात ना, त्या गोळा करून त्यांची जनुकं वाचतो. मोडकीतोडकी किती, चांगली किती. त्यावरून मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सांगतो. हिरवा, पिवळा, नाहीतर तांबडा."

"आणि मग बाहेर?"

"बाहेर आपोआप. तुमच्या गावात त्याची काय काळजी!"

उज्ज्वलाताई हसल्या, पण सुनेच्या मनात काय आहे ते त्यांना कळलं होतं. "माझ्या चूर्णाची परीक्षा घेतेयस ना गं?"

सानिकाने लपवाछपवी केली नाही. "हो, आई. सोनामुखी वर्षानुवर्षं घेतली की आतड्याची भिंत आतून काळवंडते, हे डॉक्टरांना शंभर-दीडशे वर्षं माहीत आहे. वरच्या थरातल्या पेशी वेळेआधी मरतात, आतले सफाई कामगार, म्हणजे दुसऱ्या पेशी, त्या खाऊन टाकतात आणि त्यांच्या पोटात तपकिरी गाळ साठतो. नुसता रंग असतो तो, औषध बंद केलं की वर्षभरात उतरतो. पण त्यातून पुढे कॅन्सर होतो का, हे कुणालाच छातीठोक सांगता आलेलं नाही. कुणी म्हणतं होतो, कुणी म्हणतं काही संबंध नाही. एकच चूर्ण, एकच गाव आणि तीस-तीस वर्षं रोज घेणारी माणसं मला कुठे मिळणार? फक्त एक करायचं. मणी गिळायच्या आधी चार दिवस चूर्ण, एरंडेल, काही म्हणजे काही घ्यायचं नाही."

तसं पत्रकही घरोघरी वाटलं गेलं. चिलारवाडीने ते वाचलं, घडी घालून देव्हाऱ्याखाली ठेवलं, आणि अगदी उलटं केलं.

कारण साधं होतं. या गावात पाहुणा येणार म्हटलं की आधी अंगण सारवतात. इथे तर पाहुणा थेट पोटातच येणार होता, तोही कॅमेरा घेऊन. शिवाय जुन्या काळी नळी घालून तपासायचे तेव्हा आदल्या दिवशी पोट धुऊन काढायला लावायचे, हे सगळ्यांना आठवत होतं. डॉक्टरांनी चुकून उलटं छापलं असेल, असं गावातल्या म्हाताऱ्या शालनकाकींनी शेजारपाजारी पटवूनही दिलं. चार दिवस कुणीच चूर्ण सोडलं नाही. आदल्या दिवशी तर कुणी दोन चमचे घेतले, कुणी तीन.

आणि उज्ज्वलाताईंनी? त्यांनी पत्रक दोनदा वाचलं होतं. तरी त्यांनी दिगंबररावांच्या पेल्यात दोन चमचे घातले. सून खुद्द सासऱ्याच्या पोटाचे फोटो पाहणार, तिच्यासोबत संस्थेतले दहा लोक पाहणार, आणि खराड्यांचं पोट मळकट निघालं तर काय शोभा राहील? पत्रक वाचूनही आपण असं का केलं, हे त्यांना नंतर स्वतःलाच सांगता येईना. दिगंबररावांनी पेला तोंडाला लावून एक भुवई उंचावली आणि मुकाट्याने संपवला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात चारशे नऊ माणसांनी मणी गिळला. हलगी तेवढी वाजायची बाकी होती.

आठ दिवसांनी निकाल आला. चारशे नऊ जणांपैकी तीनशे एकतीस तांबडे. शेजारच्या दोन गावांत, जिथे मोकळीक पोचत नव्हतं, तिथे सगळे मिळून अकरा. दिगंबररावांचा आकडा तांबड्यातही वरचा होता.

सानिकाने घरी येऊन सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. तिला वाटत होता तसा निकाल हा नव्हता. तिला धोका असला तर थोडासा असेल असं वाटलं होतं. "झडलेल्या पेशींत जनुकांचे तुकडेच तुकडे आहेत, आई. बाबांच्या तर..."

दिगंबरराव म्हणाले, "म्हणजे खोऱ्यात धूप झालीय." कुणी हसलं नाही म्हणून ते स्वतःच थोडं हसले.

उज्ज्वलाताई उठून गिरणीत गेल्या. चक्कीचा पट्टा काढून खुंटीला लावला, कुलूप घातलं आणि गिरणीबाहेरच्या ओट्यावर बसल्या. एका तासात पहिला डबा परत आला. कुणीतरी न बोलता ठेवून गेलं. संध्याकाळपर्यंत डब्यांची उतरंड झाली. कुणी शिवी दिली नाही की भांडायला आलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. पण खरं सांगायचं तर त्या डब्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न घुमत होता. छत्तीस वर्षं, रोज, स्वतःच्या हाताने मी या माणसाला काय पाजलं?

दोन दिवसांनी सानिका कागद घेऊन समोर बसली. तिच्या कपाळावर आठी होती.

"आई, एक गोष्ट मला पटत नाहीये. मणी मोठ्या आतड्यात नऊ-दहा तास रेंगाळतो. इथे सगळ्यांचे मणी दीड-दोन तासांत बाहेर. नुसते पळत सुटलेत. सगळ्यांनी चूर्ण बंद केलं होतं ना?"

उज्ज्वलाताईंना सांगावंसं वाटलं. आता खरं सांगितलं तर काय होईल? सगळे म्हणतील, चूर्णवाली स्वतःचं चूर्ण वाचवायला सबबी काढतेय. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्यांना स्वतःलाही वाटेल की काही झालेलंच नाही, आणि त्या आशेवर नवऱ्याचे उपचार लांबतील. त्या म्हणाल्या, "गावाचं मी काय सांगू?"

सानिकाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि कागद आवरले. "उद्या आमचे प्रमुख येतायत, डॉ. बेहेरे. ते गावाला सांगणार आहेत. नंतर वर्तमानपत्रांना."

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेचं सभागृह भरलं होतं. डॉ. बेहेरे सज्जन माणूस. त्यांनी आधी पाणी मागितलं, मग चष्मा पुसला, मग म्हणाले, "घाबरू नका," आणि त्या दोन शब्दांनीच अख्खं गाव घाबरलं. पहिल्या रांगेत शालनकाकी पदराने डोळे पुसत होत्या. त्यांच्याकडे बघून उज्ज्वलाताईंना राहवेना. पोटात कॅन्सर आहे असं समजून ही बाई घरी जाणार, आज जेवणार नाही, उद्या जेवणार नाही. हिला काय आहे ते खरं कळायला नको का? त्या उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, थांबा जरा. मला एक कबुली द्यायचीय." सभागृह वळलं. "तुम्ही चार दिवस चूर्ण बंद ठेवायला सांगितलं होतं. मी माझ्या नवऱ्याचं एक दिवसही बंद केलं नाही. उलट आदल्या दिवशी दोन चमचे दिले. पोट स्वच्छ दिसावं म्हणून. सानिकाने विचारलं तर मी गप्प बसले. माझं चुकलं."

दिगंबरराव मागच्या रांगेतून म्हणाले, "आणि मी प्यायलो. माझंही चुकलं."

उज्ज्वलाताई गावाकडे वळल्या. "आता खरं सांगा. आणखी कुणी कुणी घेतलं?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग पहिल्या रांगेत एक सुरकुतलेला हात वर गेला.

"म्या तीन चमचं घेतलं," शालनकाकी म्हणाल्या. "चारी दिस. आता पावणा घरात येनार म्हटल्यावर झाडलोट न करता कसं दावायचं वो डॉक्टर?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. एक हात वर झाला. मग दोन, मग अख्खी रांग. सरपंचांनी आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग कोपरातून हात वाकवून, आपण कान खाजवतोय असं दाखवत, वर केला. बायकांनी ते बरोबर टिपलं. सभागृहात हशा उसळला आणि त्या हशात तीन-चार दिवसांची भीती जरा सैल झाली. डॉ. बेहेरे तेवढे हातांच्या त्या रानाकडे आ वासून बघत होते.

सानिका मात्र उठून फळ्याशी गेली होती आणि तिच्या अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं. "सर, म्हणूनच! सोनामुखीचा मोठा डोस गेला की वरच्या थरातल्या पेशी झुंडीने मरतात. आणि पेशी मरताना स्वतःची जनुकं स्वतःच चिरून टाकते, घर सोडताना कागदपत्रं फाडावीत तशी. मण्याला ते तुकडे दिसले. त्याने ते कॅन्सरकडे चाललेल्या पेशींचे समजले. ते मेलेल्या पेशींचे होते!"

"असतील," डॉ. बेहेरे म्हणाले, "किंवा नसतील. या मापांवरून आता काहीच सांगता येत नाही."

"तेच म्हणतेय मी," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "माझं चूर्ण निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. पण मला माहीत करून घ्यायचंय. गिरणीला कुलूप लावलंय. तीन महिने या गावात चूर्णाचा कण विकला जाणार नाही. तोवर ज्याला त्रास होईल त्याला सानिका बघेल. तीन महिन्यांनी पुन्हा मणी गिळू. या वेळी खरं पोट दाखवू."

त्यानंतरचे तीन महिने चिलारवाडीत जे झालं ते सांगायला एक वेगळी गोष्ट लागेल. पहिला आठवडा गाव चिडचिडं होतं. ग्रामपंचायतीची एक सभा कुणी धड बसू शकेना म्हणून तहकूब झाली. सानिका घरोघर हिंडून सांगायची, पाणी प्या, चाला, इसबगोल घ्या, ठरलेल्या वेळेला बसा आणि घाई करू नका. टँकरच्या गावात 'पाणी प्या' हे सांगणं सोपं नव्हतं, म्हणून सरपंचांनी शाळेपाशी पिण्याच्या पाण्याची वेगळी टाकी बसवली. कान खाजवल्याचं प्रायश्चित्त, असं बायका म्हणायच्या. पहाटे फाट्यापर्यंत चालत जाणाऱ्यांची रांग लागली. पपईला कधी नव्हे तो मान आला. आणि हळूहळू, एकेका घरातून, बारसं असल्यासारख्या बातम्या यायला लागल्या. शालनकाकी तर एका सकाळी भर रस्त्यातून ओरडत आल्या, "उज्ज्वला, झालं गं बया! आपलं आपन झालं! पन्नास वर्सांनी!" उज्ज्वलाताईंनी त्यांना मिठी मारली. आपल्या हातच्या औषधाशिवाय कुणाचं तरी भलं झालं म्हणून इतका आनंद होईल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

दिगंबररावांना मात्र वेळ लागला. खोरं आटलंय, म्हणायचे. उज्ज्वलाताई त्यांना अंजीर भिजवून द्यायच्या, त्यांच्याबरोबर चालायच्या आणि चालताना त्यांच्याकडे चोरून बघायच्या. वजन उतरलंय का? चेहरा ओढलाय का? एकदा दिगंबररावांनी ते बघणं पकडलं. "अगं, मी अजून आहे," ते म्हणाले आणि बायकोचा हात धरून चालले, भर रस्त्यात, गावातून.

तीन महिन्यांनी मणी पुन्हा गिळला गेला. या वेळी सगळ्यांनी पत्रक भिंतीला चिकटवलं होतं. मणी आत नऊ-दहा तास निवांत राहिले. निकाल घेऊन सानिका आली ती फाटकातूनच ओरडत आली.

"आई! तीनशे एकतीसातले तीनशे सोळा हिरवे! प्रमाण शेजारच्या गावांइतकंच. भिंती अजून तपकिरी आहेत, पण रंग उतरायला लागलाय."

उज्ज्वलाताई फाटकाकडे धावल्या. "म्हणजे माझं चूर्ण..."

"एका गावावरून जगाचा निकाल लागत नाही, आई. अजून खूप वर्षं बघावं लागेल. पण तुमच्या गावाच्या पोटात मला जास्तीचा धोका दिसला नाही. हे मी लिहून देते."

"आणि हे?"

सानिकाने सासूचा हात हातात घेतला आणि टॅबवर एक चित्र उघडलं. वाळलेल्या चिंचेच्या सालीसारखी तपकिरी भिंत, आणि तिच्यात एक फिकट गुलाबी ठिपका, तांदळाच्या दाण्याएवढा.

"बाबा पिवळे आहेत. ही गाठ आहे, छोटी. आत्ता कॅन्सर नाही असं वाटतंय. पण अशा गाठी सोडल्या तर काही वर्षांनी होऊ शकतो. काढून टाकायची."

"माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे दिसली," सानिका म्हणाली. "ही गाठ अगदी चपटी आहे. साध्या गुलाबी भिंतीवर असती तर माझ्या नजरेतून सुटली असती, आणि मण्याच्याही. पण गाठीच्या पेशी तो तपकिरी रंग धरत नाहीत. आजूबाजूचं सगळं काळवंडलंय आणि ही तेवढी फिकी राहिली. गेल्या वेळी मणी हिच्या शेजारून पळत गेला, त्याला कळलंसुद्धा नाही."

"दिसली माझ्यामुळे ते ठीक. झाली कुणामुळे?"

सानिका गप्प झाली. उज्ज्वलाताईंना त्या गप्प होण्याचा राग आला नाही. उलट खोटं बोलून ही पोरगी आपल्याला थोपटत नाही, याबद्दल त्यांना तिच्याविषयी एकदम माया वाटली.

"मला माहीत नाही, आई," सानिका शेवटी म्हणाली. "ज्यांनी आयुष्यात एक चमचा चूर्ण घेतलं नाही अशा माणसांनाही या वयात अशा गाठी होतात. बऱ्याच जणांना होतात. बाबांची तशीच असेल, असं मला वाटतं. पण एका माणसापुरतं नक्की काय ते कुठलाच मणी सांगू शकत नाही."

साताऱ्याच्या दवाखान्यात गाठ काढायला अर्धा तास लागला. उज्ज्वलाताई बाहेर बाकावर बसल्या होत्या. डब्यावर आता काय छापायचं ते त्यांनी ठरवलं होतं: सलग सात दिवसांच्या वर घेऊ नये, त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवावं. चूर्ण कमी खपेल. खपू दे. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना सापडलं होतं. सारखा खात होता तो दुसराच प्रश्न, ही गाठ झाली कुणामुळे.

दार उघडून सानिका आली. मास्क खाली ओढून ती हसली. "निघाली. मुळासकट. इथे लगेच तपासलीय, कॅन्सर नाही."

उज्ज्वलाताई रडल्या. सुनेच्या खांद्यावर डोकं ठेवून, आजूबाजूला कोण बघतंय याची पर्वा न करता रडल्या.

दिगंबरराव तासाभराने चाकाच्या खुर्चीतून बाहेर आले, गुंगी पुरती उतरली नव्हती, पण चेहरा लग्नातल्यासारखा खुललेला.

"अहो," उज्ज्वलाताई त्यांच्याजवळ वाकून म्हणाल्या, "मला माफ करा. मी तुम्हाला छत्तीस वर्षं जे दिलं त्याने भलं झालं की वाईट, मला कळायचा मार्ग नाही."

"मला आहे," दिगंबरराव म्हणाले. "भूगोलाच्या मास्तरला आयुष्यात कुणी काही विचारत नाही गं. पोरं परीक्षेपुरती विचारतात. तू रोज सकाळी विचारायचीस, पोट साफ झालं का? छत्तीस वर्षं, एक सकाळ चुकली नाही. माझ्या आत काय चाललंय याची चौकशी जगात दुसऱ्या कुणी केली? ते वाईट कसं असेल?"

उज्ज्वलाताईंना हसूही येत होतं आणि डोळेही थांबत नव्हते. "आता चूर्णच बंद. मग काय विचारू?"

दिगंबररावांनी थोडा विचार केला. कालपासून त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं.

"जेवलात का, विचार."

"जेवलात का?"

"नाही ना!" दिगंबरराव मोठ्याने म्हणाले, आणि सानिकाने खुर्ची दवाखान्याच्या कँटीनकडे वळवली.